चौघींचा डाव

तो खेळ आमच्यात आला शिरगावच्या मैत्रिणीच्या नातीमुळे. नात मे महिन्यात पुण्याहून आली, येताना हा खोका घेऊन आली, चार दिवस आजी-आजोबांशी खेळली आणि जाताना न्यायला विसरली. शिरगावचीने फोन करून विचारलं तर म्हणाली, "राहू दे गं आजी. सिनेमाचाच खेळ आहे. तुम्ही मैत्रिणी खेळा."

मैत्रिणी म्हणजे आम्ही चौघी. नावं कुणाचीच घालत नाही. चौघींपैकी जिच्या हातात हे पडेल तिला कळेलच, आणि बाकीच्यांना कळून काही उपयोग नाही. आम्ही चौघीही रत्नागिरीच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होतो. मुंबईला बोलायचं तर कॉल नोंदवून तासन्‌तास वाट बघावी लागे, त्या काळातल्या. समोर बोर्ड, कानाला हेडफोन, एका ओळीत खुर्च्या. पुढे ते बोर्ड गेले, आम्हाला बिलाच्या खिडकीवर बसवलं, आणि मग एकेक करून आम्ही निवृत्त झालो. तरी एकत्र बसायची सवय सुटली नाही, म्हणून दर बुधवारी दुपारी तीनला एकीच्या घरी जमायचं ठरलं. एक शिरगावची, एक कुवारबावची, एक पुलापलीकडची भाट्याची आणि मी मांडवीची. बुधवारच का, तर कुवारबावचीचे बरेचसे वार उपासात जातात आणि चहाबरोबर काही खाल्लं नाही तर तिचं डोकं दुखतं.

खेळ येईपर्यंत आमचे बुधवार तसे रडतच चालले होते. कुणाची साखर वाढली, कुणाच्या सुनेने काय बोलून दाखवलं, एक्स्चेंजमधलं कोण गेलं. गेलेल्यांची यादी प्रत्येक बुधवारी थोडी लांबायची. मी घरी परत आल्यावर मुलगा विचारायचा, "मजा आली?" आणि मला काय सांगावं कळत नसे.

खोका उघडला तेव्हा आधी आम्हाला काही उमजेना. घडी घातलेला एक पट, त्यावर गोल गोल जाणारी घरं. पहिल्या घरावर 'ऑडिशन', शेवटच्या घरावर 'रौप्यमहोत्सव'. फासा, वाळूचं एवढंसं घड्याळ आणि चार सोंगट्या : कॅमेरा, खुर्ची, भोंगा आणि पॉपकॉर्नचा डबा. शिवाय चार रंगांची कार्डं. लाल आलं तर संवाद वाचायचा आणि बाकीच्यांनी सिनेमा ओळखायचा, निळं आलं तर गाण्याची चाल गुणगुणायची, हिरव्यात प्रश्न, आणि पिवळं आलं की तोंड बंद ठेवून सिनेमा करून दाखवायचा. बरोबर आलं तर पुढे, नाहीतर तिथेच बसून राहायचं.

पहिल्या दिवशी आम्ही इतक्या हसलो की शिरगावचीचे यजमान आतून बघायला आले. शिरगावचीला पिवळं कार्ड आलं की कुठलाही सिनेमा असो, ती दोन्ही हात नांगर धरल्यासारखे पुढे करून चालायची. भुताचा सिनेमा असला तरी नांगर. कुवारबावचीला हरणं जमत नाही, ऑफिसातही जमत नसे. ती वाळूच्या घड्याळाला नाक लावून बसायची आणि शेवटचा कण पडायच्या आत ओरडायची, "संपलं! वेळ संपला हां तुझा!"

आणि भाट्याची. तिला लाल कार्ड आलं की आम्ही खुर्च्या पुढे ओढायचो. संवाद ती नुसता वाचत नसे, त्या नटाच्या आवाजात म्हणायची. एक्स्चेंजला असतानाही तिची हीच ख्याती होती. कोल्हापूरची ऑपरेटर घाटावरच्या ठसक्यात बोलायची तशी ही बोले. देवरूखचा एक जाड्या आवाजाचा ऑपरेटर होता, त्याचा आवाज ही काढायची आणि आम्ही फसायचो. आखातात नवरे असलेल्या बायका कॉल लावायला यायच्या, आधी रडायच्या आणि मग नंबर सांगायच्या, त्यांचाही आवाज ती काढायची. त्या आवाजावर मात्र कुणी हसत नसे. तिचाही नवरा तेव्हा बोटीवर असायचा. नऊ महिने बाहेर, तीन महिने घरी.

तो आता घरी येऊन सात वर्षं झाली होती. एकुलती एक मुलगी कॅनडात. भाट्याला खाडीच्या अंगाला त्यांचं घर आहे, पुढे पडवी, तिथे त्याची खुर्ची. तो दिवसभर तिथे बसून मोबाइलवर कुठली बोट कुठे पोहोचली ते बघत असतो. माणूस वाईट नाही. कधी आवाज चढवला नाही, दारू नाही, काही नाही. फक्त बोलत नाही. ती एकदा म्हणाली होती, "आमच्याकडे दिवसाला पाच वाक्यं होतात. त्यातली तीन माझी." आम्ही हसलो होतो. तिने ते सांगितलंच होतं हसवायच्या सुरात.

पावसाळा सुरू झाल्यावर त्या खोक्याचे कोपरे ओलीने सुटले. भाट्याची म्हणाली, "मी नेत्ये घरी. चिकटवून आणत्ये." चिकटवून आणला, पण मग तो तिच्याकडेच राहिला. दर बुधवारी ती रिक्षातून उतरायची तेव्हा कापडी पिशवीत खोका असायचा, वर प्लॅस्टिक गुंडाळलेलं. कुणाकडे तरी राहायचाच होता. आम्हा बाकीच्यांची घरं माणसांनी भरलेली, मुलांच्या हाती लागून कार्डं हरवली असती.

गणपती होऊन गेल्यावर केव्हातरी ती जिंकायला लागली. आधी एखाददुसरा डाव, मग सगळेच. प्रश्न अर्धा वाचून व्हायच्या आत तिचं उत्तर तयार. शिरगावचीने नांगर धरायला हात उचलले रे उचलले की ही सिनेमाचं नाव सांगून मोकळी. शिरगावचीला त्याचं भारी कौतुक वाटायचं. कुवारबावचीच्या कपाळावर मात्र आठी यायला लागली होती. मला काही खटकलं नव्हतं. आमच्या कामात नंबर पाठ ठेवायची सवय लागते, हिची तर सगळ्यात पक्की होती. दोनदा ऐकलेला नंबर ती वर्षाने सांगायची.

ऑक्टोबरातली गोष्ट. शुक्रवार होता. मी पावसला एका नातेवाइकांकडे गेले होते. परत येताना वाटलं, भाट्याला उतरावं, तिला आमसुलं द्यावीत आणि पुढच्या गाडीने घरी जावं. फोन केला नाही. उन्हाने रस्ता भाजत होता, सुरूच्या झाडांखालीही वारा नव्हता. तीन-सव्वातीन झाले असतील.

तिचे यजमान पडवीत होते. मला बघून उठून उभे राहिले. "या ताई. तुम्हालाच उशीर झाला आज. बाकीच्या कधीच्या आल्यात."

मला कळेना. "बाकीच्या कोण?"

"तुमच्याच त्या. कुवारबावच्या आणि त्या दुसऱ्या. खेळतायत आत."

खरं सांगायचं तर माझ्या मनात पहिल्यांदा आला तो राग. मला वगळून तिघी जमतात, तेही शुक्रवारी, आणि बुधवारी माझ्यासमोर काही दाखवत नाहीत. मी पायरीवर चपला काढल्या. तिथे तिची एकच जोडी होती, पण रागाच्या भरात ते डोळ्यांना दिसूनही डोक्यात शिरलं नाही.

आतल्या खोलीच्या दाराला पडदा आहे. मी पडद्याशी पोहोचले तेव्हा आतून कुवारबावचीचा आवाज आला, "संपलं! वेळ संपला हां तुझा!" मग शिरगावचीचं ते नाकातून येणारं हसू. मी पडदा बाजूला करणार, तेवढ्यात माझा आवाज आला.

माझा स्वतःचा. शब्द संपताना मी जरा हेल काढते, माझी सून मला चिडवते त्यावरून, तो हेलसुद्धा.

"थांब गो, घाई कसली," मी आतून म्हणत होते. "तुझा गुडघा कसा आहे आता? आणि आज इतकी गप्प का?"

"काही नाही गो. असंच," ती म्हणाली. हा तिचा आवाज होता.

"असंच नाही. सांग बघू."

मग बराच वेळ कुणीच बोललं नाही. मी पडद्याच्या फटीतून बघितलं. ती पलंगावर मांडी घालून बसली होती, पाठ माझ्याकडे. समोर पट मांडलेला. चारही सोंगट्या पटावर होत्या. कार्डांचे गठ्ठे नीट लावलेले. पलंगावर ती सोडून कुणी नव्हतं. थोड्या वेळाने तिने फासा टाकला, आकडा बघितला आणि कॅमेरा तीन घरं पुढे नेला. कॅमेरा माझा असतो.

मी मागे सरले. पायांचा आवाज होऊ नये म्हणून भिंत धरून पडवीपर्यंत आले. त्यांनी विचारलं, "का हो? आत जा ना."

"नको," मी म्हणाले. "गाडीची वेळ झाल्ये. हे तेवढं तिला द्या." आमसुलांची पुडी त्यांच्या हातात ठेवली आणि निघाले. स्टॉपवर अर्धा तास गाडी नव्हती.

घरी जाऊन मी कुणाला काही बोलले नाही. संध्याकाळी भाजी निवडताना मला राहून राहून एकच आठवत होतं. तिचा गुडघा दुखतो हे मला ठाऊक होतं. पण तो कसा आहे असं मी तिला कधी विचारलं नव्हतं. चौघी जमलो की ज्या त्या आपापलं सांगत सुटायचो, ती आवाज काढून हसवायची, आणि आम्हाला वाटायचं तिचं बरं चाललंय. तो प्रश्न तिने स्वतःच बनवला होता आणि माझ्या तोंडी घातला होता.

पुढच्या बुधवारी कुवारबावला जमायचं होतं. जावं की न जावं, दोन दिवस मनात चाललं होतं. शेवटी गेले. ती माझ्याआधी आली होती. खोका पिशवीतून काढत होती. माझ्याकडे न बघता म्हणाली, "आमसुलं छान आहेत हो."

"हो का," मी म्हणाले.

म्हणजे तिला कळलं होतं. मी आले होते आणि आत न जाता परत गेले होते, एवढं तिच्या यजमानांनी सांगितलं असणारच. पुढचं तिने तिचं जुळवलं असेल. मला वाटलं, कपबश्या आणायच्या निमित्ताने तिला स्वयंपाकघरात नेऊन बोलावं. पण तोवर कुवारबावचीने पट पसरला होता.

पहिला डाव ती जिंकली. दुसऱ्यात कुवारबावची 'रौप्यमहोत्सवा'च्या दोन घरं मागे होती, तिला जिंकायची आशा होती. शिरगावचीने भाट्याचीसाठी हिरवं कार्ड उचललं आणि वाचायला लागली, "कोणत्या सिनेमात नायक..." एवढंच. भाट्याचीने सिनेमाचं नाव सांगितलं.

कुवारबावचीने शिरगावचीच्या हातातून कार्ड ओढून घेतलं आणि मागची बाजू बघितली. उत्तर बरोबर होतं.

"नायक एवढंच वाचलंय तिने," ती म्हणाली. "नायक कुठल्या सिनेमात नसतो?"

"सुचलं मला," भाट्याची म्हणाली.

"सुचलं? सगळी कार्डं पाठ करून येतेस तू. म्हणून खोका घरी ठेवून घेतलास. रडी खेळतेस."

शिरगावची म्हणाली, "अगो, असू दे. खेळच आहे."

"खेळ आहे तर खेळासारखा खेळावा. आम्ही काय मूर्ख म्हणून बसलोय?" आणि मग तिने माझ्याकडे मान वळवली. "तू सांग. मी खोटं बोलत्ये का? हिला पाठ झाल्येत की नाही?"

भाट्याचीनेही माझ्याकडे बघितलं. त्या बघण्यात काय होतं ते मला अजून नीट लागलेलं नाही. सांगू नकोस असं होतं की सांगून टाक एकदाचं असं होतं. मला दोन्ही वाटतं, दिवसागणिक बदलतं. तेव्हा मला एवढंच सुचलं की खरं सांगितलं तर तिची शोभा होईल, आणि खोटं सांगितलं तर कुवारबावची माझ्यावर उखडेल. मधला मार्ग म्हणून, कशी ते न सांगता, मी म्हणाले, "पाठ झाल्येत खरी."

तिने आपली भोंग्याची सोंगटी पटावरून उचलून खोक्यात ठेवली. पिशवीची घडी घातली, ती पर्समध्ये ठेवली. "चार वाजता यांना गोळी द्यायची असते," म्हणाली आणि चपला घालून बाहेर पडली. खोका तिथेच राहिला. गुडघ्यामुळे ती लंगडते, ते मला त्या दिवशी दारातून स्पष्ट दिसलं. रिक्षा मिळेपर्यंत ती फाटकापाशी उन्हात उभी होती आणि आम्ही तिघी आतून बघत होतो.

कुवारबावची म्हणाली, "येईल पुढच्या बुधवारी. लागलं असेल जरा."

ती आली नाही. गुडघ्याचं कारण सांगितलं. त्याच्या पुढच्या बुधवारी कॅनडाचा फोन येणार होता. आमच्या चौघींच्या ग्रुपवर सकाळी फुलांचं चित्र टाकायची तेवढं चालू होतं, मग तेही एक दिवसाआड झालं. कुवारबावचीला मनातून वाईट वाटत होतं, पण फोन करून तसं म्हणणं तिच्या स्वभावात नाही. तिघींत खेळायचा एकदा प्रयत्न केला. लाल कार्ड आलं तेव्हा शिरगावचीने संवाद बातम्या वाचल्यासारखा वाचला आणि आम्ही खेळ आवरला.

मग एक दिवस दुपारी जेवून आडवी झाले असताना माझ्या लक्षात आलं की खोका कुवारबावला आहे. म्हणजे भाट्याचीकडे आता तोही नाही. इतके दिवस मी तिच्या रागाचा, अपमानाचा विचार करत होते. तिच्या दुपारींचा विचार मला सुचलाच नव्हता.

दुसऱ्या दिवशी कुवारबावला जाऊन खोका घेतला. नातवंडांना दाखवायचाय असं काहीतरी सांगितलं. तिथूनच रिक्षा करून भाट्याला गेले. थंडी पडायला लागली होती, खाडीवरून वारा येत होता. यजमान पडवीतच होते, अंगावर शाल.

"या," ते म्हणाले. "भांडलात काय हो तुम्ही? दीड-दोन महिने कुणी येत नाही. आधी रोज यायचात."

"रोज?"

"जवळजवळ रोजच की. मी तिला म्हटलंसुद्धा, तुझ्या मैत्रिणींना घरी कामं नाहीत काय?"

इथे मी गप्प बसायला हवं होतं की बोलायला, हे मला आजही सांगता येत नाही. एकदा गप्प बसून काय झालं ते मी बघितलं होतं. म्हणून या वेळी बोलले. "भाऊजी, आम्ही इथे रोज येत नव्हतो. चार बुधवारांतून एकदा, एवढंच. तेही तुम्ही बघितलंय, आल्यावर तुम्हाला भेटूनच आत जायचो."

ते माझ्याकडे बघत राहिले. "मागच्या दारानेही कुणी..."

"नाही."

"मग आवाज यायचे ते?"

मी हातातला खोका त्यांना दाखवला. "तीच. चौघींचे आवाज ती एकटी काढायची."

त्यांनी मोबाइल मांडीवर उलटा ठेवला. खाडीच्या पाण्यावर एक होडी चालली होती, तिच्याकडे बघितलं. मग म्हणाले, "बायकाबायका बसल्यायत, म्हणून मी आत जात नसे. चहासुद्धा बाहेरच घ्यायचो. मध्ये पाणी प्यायला उठलो तर पाय न वाजवता जायचो."

मी आत गेले. ती पलंगावर पडून होती, जागी होती. खोका बघून उठून बसली.

"कशाला आणलास?"

"तुझ्याकडेच असू दे," मी म्हणाले. मग उभ्या उभ्याच बोलायला सुरुवात केली, बसले असते तर जमलं नसतं. "त्या शुक्रवारी मी आले होते. सगळं ऐकलं. आणि कुवारबावला मी तसं म्हणायला नको होतं. चुकलं माझं."

"पडद्यापाशी आलीस तेव्हाच कळलं होतं मला," ती म्हणाली. "तुझ्या बांगड्या वाजतात."

मी हातातल्या बांगड्या वर सारल्या.

"मला वाटलं येशील आत. म्हणून मी गप्प झाले मध्येच. म्हटलं, आली तर आली. मग खूप वेळ कुणी येईना, तेव्हा फासा टाकला."

"मला वाटलं, तुला लाज वाटेल गो."

"वाटली असती की. मग खेळलो असतो दोघी." ती उशीचा अभ्रा सारखा करत होती. "तू पळून गेलीस त्याचं मला फार लागलं. कुवारबावची काय, ती आहेच तशी. पण तू..."

मी विचारलं, "गुडघा कसा आहे तुझा?"

विचारलं आणि त्याच क्षणी कळलं की काय विचारून बसले. तिचा चेहरा बदलला. तिने खोका उचलून माझ्या हातात परत दिला. "हा ने तू. खरंच ने. त्या दिवशी कुवारबावहून आल्यापासून मला तुमचे आवाजच येत नाहीत. मी बघितले काढून. शिरगावचीचा थोडा निघतो. तुझा तर अजिबात नाही."

मी खोका घेऊन बाहेर आले तेव्हा पडवीतली खुर्ची रिकामी होती. ते खाली फाटकाशी जाऊन उभे होते. मला म्हणाले, "मी बघतो." एवढंच.

घरी जाताना मला थोडं बरं वाटत होतं, खोटं कशाला सांगू. वाटलं, निदान त्यांना कळलं. आता ते आत जाऊन बसतील, काही बोलतील, दोघांचं काहीतरी मार्गी लागेल.

पंधरा दिवसांनी तिचा फोन आला. ती स्वतः फोन करेल अशी मला आशा नव्हती. मी उचलल्यावर म्हणाली, "यांना कशाला सांगितलंस?"

"अगो, मला वाटलं..."

"दुपारी आत येऊन बसतात आता. पलंगाशी खुर्ची आणून ठेवलीये. मी उठले की उठतात, परसात गेले तर मागून येतात. मुलीला कॅनडाला फोन करून सांगितलंन, तुझी आई एकटी बोलते म्हणून. ती म्हणते डॉक्टरला दाखवा. दाखवून आणलं काल. गोळी दिल्ये झोपेची."

"आणि बोलतात का काही?"

"नाही," ती म्हणाली. "बसतात. मोबाइल घेऊन. पूर्वी निदान खोली माझी होती." आणि फोन ठेवला. जुन्या सवयीने, कॉलचा वेळ संपला की बोर्डातला दोर काढल्यासारखा.

बुधवार त्यानंतर बंदच पडले. कुणी बंद केले असं नाही. शिरगावचीच्या यजमानांचं ऑपरेशन निघालं, कुवारबावची महिनाभर मुलाकडे ठाण्याला गेली. उन्हाळ्यात नात परत आली तेव्हा मी खोका शिरगावला नेऊन दिला. तिने उघडून बघितला आणि म्हणाली, "अय्या, कार्डं किती मऊ झाल्येत." शिरगावचीने माझ्याकडे बघितलं, तिला काही माहीत नव्हतं. मी तिला आजवर सांगितलेलं नाही. कुवारबावचीलाही नाही. तिघींना मिळून कळलं असतं तर कदाचित काहीतरी सावरता आलं असतं, पण एका घरात सांगून काय झालं ते बघितल्यावर मला धीर झाला नाही.

परवा मी भाट्याला गेले होते. न कळवता. या वेळी पायरीवरूनच मोठ्याने हाक मारली आणि सरळ आत गेले. दोघंही आतल्या खोलीत होती. ती पलंगावर, ते खुर्चीत, टीव्हीवर कसलीशी मालिका लावलेली. त्यांनी मला जागा करून दिली आणि स्वतः स्टूल आणायला गेले. तेवढ्यात मी तिचा हात धरला. तिने धरू दिला. गोळीने चेहरा जरा सुजलेला वाटला, पण तिला म्हणाले नाही.

ते स्टूल घेऊन आले. आम्ही तिघांनी ती मालिका शेवटपर्यंत बघितली. मध्ये तिने चहा केला. चहात साखर जास्त झाली होती, तिघांनीही प्यायला. मी माझ्या सुनेचं, नातवाच्या शाळेचं काहीबाही सांगितलं. ती हूं हूं करत होती. पाच वाजता मी उठले. ती फाटकापर्यंत आली, हळूहळू, एक पाय ओढत. मागे पडवीत ते उभे होते.

"येत्ये मी परत," मी म्हणाले. "पुढच्या बुधवारी."

"फोन करून ये," ती म्हणाली. आणि फाटकाची कडी लावून घेतली.